‘नु’चा गुरुवार

गुरुवारी दुपारी साडेबारा वाजता शिगेमात्सु तोकुजी आपला चष्मा दारातल्या चपलांच्या कपाटावर विसरले. विसरण्याआधी त्यांनी तो नीट पुसला, काड्या मिटून ठेवला, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल असा जरा पुढे सरकवला आणि मगच “येतो गं” म्हणून घराबाहेर पडले. चाळीस वर्षं पाणीखात्यात काढलेला माणूस विसरायचं ठरवलं तरी पद्धतशीरच विसरणार.

बेत साधा होता. अडीचला सभागृहातून घरी फोन करायचा, “चष्मा राहिला, जरा आणून देतेस का?” असं म्हणायचं. किनुए तीनच्या ठोक्याला येणार, कारण तीन म्हणजे तीन अशीच ती बाई आहे. आणि ती दारात उभी असताना तोकुजी माइक हातात घेऊन गाणार. बायकोसाठी. एक्केचाळीस वर्षांनी.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या जेवणात, मामांनी हौसेनं नवरदेवाच्या हातात माइक कोंबला होता. टेप सुरू झाली. गाणं होतं ‘नुकुइ ते’, म्हणजे उबदार हात. तोकुजींनी समोरची साठ माणसं पाहिली आणि त्यांची वाचाच बसली. टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली, आणि नवरदेव माइक धरून तेवढा वेळ खांबासारखे उभे राहिले. शेवटी डोक्यावरचा जड टोप सांभाळत नवरी पुटपुटली, “राहू द्या हो. नंतर कधीतरी म्हणा.” किनुएनं त्यानंतर हा विषय एकदाही काढला नाही. काढला असता तर तोकुजींना बरं वाटलं असतं. न काढल्यामुळे ते गाणं घशात अडकलेल्या काट्यासारखं राहून गेलं.

आता आमच्या हामाओगीच्या गुरुवार मंडळाबद्दल सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दुपारी एक ते चार हे मंडळ सभागृहातल्या जुन्या कॅराओके मशीनवर गातं. गाण्यांचं पुस्तक जाडजूड, अक्षरांच्या क्रमानं लावलेलं. कोणी कुठलं गाणं घ्यावं यावरून पूर्वी फार रुसवेफुगवे व्हायचे, म्हणून अध्यक्षीण ओत्सुबोबाईंनी नियम घालून दिला: एका महिन्याला एक अक्षर. ‘आ’चा महिना असेल तर सगळ्यांनी ‘आ’चीच गाणी म्हणायची. एका दिवशी एक गाणं एकानंच म्हणायचं. ओत्सुबोबाई एकोणऐंशी वर्षांच्या. पन्नास वर्षं त्यांनी गावातल्या बायकांचे केस कापले, त्यामुळे मान हलवायची नाही, ही सवय अख्ख्या गावाला त्यांनीच लावलेली.

तोकुजींना गाणं एकच येतं. निवृत्त झाल्यावर ते मंडळात दाखल झाले तेव्हा ‘आ’चा महिना चालू होता. आमच्या वर्णमालेत ‘नु’ हे अक्षर तेविसावं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बावीस महिन्यांनी येतो. तोकुजी बावीस महिने खंजिरी वाजवत बसले. घरी सांगितलं, शोगीचा पट मांडायला जातो. आणि रोज संध्याकाळी न्हाणीघरात, टबातल्या गरम पाण्यात मानेपर्यंत बुडून, खिडकी वाफेपुरती किलकिली ठेवून, हळू आवाजात रियाज केला.

‘नु’ची गाणी पुस्तकात जेमतेम नऊ. मंडळात माणसंही नऊ. कोणी आपलं गाणं आधीच उचललं तर, ही धास्ती तोकुजींना होतीच. पण गेल्या महिन्यात चहा घेताना बाकीच्या आठांनी आपापली गाणी जाहीर करून टाकली, आणि काय नवल, ‘नुकुइ ते’ला कोणीच हात लावला नव्हता.

“आणि तुमचं हो, तोकुजी-सान?” ओत्सुबोबाईंनी विचारलं.

“मी काय, उरेल ते घेईन.”

“हो का,” असं म्हणून बाई तांदळाची बिस्किटं मोडू लागल्या. आपलं नशीब जोरावर आहे, असं तोकुजी समजले.

त्या गुरुवारी बिनचष्म्याचे तोकुजी सभागृहात शिरले, त्यांनी कोट अडकवायच्या खुंटाळ्याला लवून नमस्कार केला आणि खंजिरी घेऊन कोपऱ्यात बसले. गाणं पाठ होतं. मशीनमध्ये घालायचा नंबरही पाठ होता. सगळं व्यवस्थित होतं. तेवढ्यात गोंदो आला.

गोंदो म्हणजे तोकुजींच्या मागच्या गल्लीतला मासेवाला. मनानं चांगला, पण उत्साह जरा जास्तच. आज त्याच्यामागे एक गुटगुटीत गृहस्थ होते.

“हे हिराइदे-सान! ओसाकाला बँकेत मॅनेजर होते. आता बायकोच्या माहेरी, म्हणजे आपल्याकडेच राहायला आलेत. काल माझ्याकडनं बांगडा घेताना म्हणाले, गाण्याचा नाद आहे. म्हटलं, चला मग!”

“यावं यावं,” ओत्सुबोबाई म्हणाल्या. “पाहुण्यांचा मान पहिला.” आणि त्यांनी ‘नु’चं पान उघडून पुस्तक हिराइदेंच्या मांडीवर ठेवलं. माणसं दहा, गाणी नऊ, हा हिशेब त्यांच्या लक्षात आला नसेल असं नाही. आपलं गाणं सोडून चहाकडे बघायचं हे त्यांनी मनाशी ठरवलंही असेल. पण पाहुण्यांचं बोट पानावरून खाली खाली आलं आणि थांबलं.

“अरे वा! ‘नुकुइ ते’! हे तर आपलं गाणं. बँकेच्या सहलीत म्हटलंय मी.”

किटलीचं झाकण तेवढं वाजत राहिलं.

“छानच आहे ते,” ओत्सुबोबाई म्हणाल्या. “फक्त फार वर जातं हो. पहिल्याच दिवशी घशाला ताण कशाला?”

“छे! घसा दणकट आहे माझा.”

“मशीन अडकतं त्या गाण्याला,” गोंदो घाईघाईनं म्हणाला. त्याचा चेहरा त्याच्याच दुकानातल्या शिळ्या मासळीसारखा झाला होता. “मधेच बंद पडतं. काय सांगावं.”

“पडू द्या की. मी बघतो. बँकेतली मशीनं मीच नीट करायचो.”

“लांबलचक आहे. कंटाळाल.”

“चार मिनिटं वीस सेकंद लिहिलंय इथं.”

“ते दलदलीवरच्या चंद्राचं बघा ना,” ओत्सुबोबाईंनी शेवटचा प्रयत्न केला. “तुमच्या आवाजाला दलदल शोभेल.”

आमच्या गावात पाहुण्याला तोंडावर ‘नको’ म्हणायची रीत नाही. तीनदा आडून सांगितलं की माणूस समजतो आणि “बरं, दुसरं बघतो” म्हणतो. पण हे झालं आमच्या गावाचं. ओसाकाच्या माणसाला आडून सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. हिराइदे प्रसन्न चेहऱ्यानं सगळ्यांकडे बघत राहिले.

कोपऱ्यात तोकुजींनी खंजिरी मांडीवर ठेवली. आपलं गाणं हातचं चाललं, हे त्यांना कळत होतं. पण त्याहून जास्त लाज वाटत होती ती आपल्या मंडळाची. परगावचा माणूस पहिल्यांदा दारात येतो आणि ही मंडळी त्याला साधं एक गाणं म्हणू देत नाहीत? हे काय वागणं झालं? आणि त्यांच्या तोंडून, खुद्द त्यांच्याच तोंडून, शब्द निघाले: “म्हणू द्या ना त्यांना! फार सुंदर गाणं आहे. मला तर ऐकायला आवडेल.”

आठ माणसांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की चष्मा असता तर तोकुजी तिथंच गप्प झाले असते. पण चष्मा नव्हता. हिराइदे उठले.

गायले चांगलं, यात वाद नाही. तोकुजींनी खंजिरीवर ठेकाही बरोबर धरला. दुसऱ्या कडव्यात एक विचित्र गोष्ट घडली, पण तोकुजींना ती दिसली नाही. पडद्यावर ओळ आली, हिराइदेंनी ती म्हटली, “धक्क्यावरचा दिवा आता विझला,” आणि ओत्सुबोबाईंनी चमकून गोंदोकडे पाहिलं.

“विझला?” त्या कुजबुजल्या.

गोंदोनं खांदे उडवले. “मलाही आत्ताच कळतंय.”

मशीननं चौऱ्याण्णव गुण दिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण प्रेताला खांदा देऊन आल्यासारख्या. मग बसल्या जागेच्या क्रमानं एकेक जण उठू लागला, आणि तोकुजी मनातल्या मनात आकडेमोड करू लागले. चव्वेचाळीस अक्षरं. ‘नु’ पुन्हा यायला तीन वर्षं आठ महिने. तेव्हा आपण बहात्तरीत. घसा राहील का? मशीन राहील का? पाहुण्याच्या मागून तेच गाणं पुन्हा म्हणावं, तर तो पाहुण्याचा अपमान. म्हणजे ‘तुम्हाला जमलं नाही, आता बघा’ असं तोंडावर सांगणं. तो रस्ताही बंद. अडीच वाजले. त्यांनी घरी फोन केला नाही. कशासाठी बोलवायचं तिला? खंजिरी ऐकायला?

तीनला पाच कमी असताना त्यांचं नाव पुकारलं गेलं.

“मी आज खंजिरीच वाजवतो,” तोकुजी म्हणाले. “गाणी संपली वाटतं.”

“दलदलीचं शिल्लक आहे, मी म्हटलंच नाही,” ओत्सुबोबाई दुःखानं म्हणाल्या.

तेवढ्यात दार सरकलं. घड्याळात तीनचा ठोका पडत होता आणि दारात किनुए उभी होती. ठेवणीतला निळा कोट, ओठांना लाली, हातात चष्म्याचं घर.

“चष्मा राहिला होता तुमचा.”

“मी फोन कुठं केला?”

“नाही ना केलात. पावणेतीनपर्यंत वाट पाहिली, मग निघाले.” तिनं खोलीवरून नजर फिरवली. मशीन, माइक, नवऱ्याच्या हातातली खंजिरी. “झालं का?”

“काय झालं का?”

“शोगी.”

गोंदोला आता धीर धरवेना. “वहिनी, चूक माझी आहे! यांना मी घेऊन आलो आणि सांगायचंच राहिलं! यांनी पहिल्याच फटक्यात तेच गाणं...” ओत्सुबोबाईंनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. उशीर झाला होता.

“कुठलं गाणं?” हिराइदेंनी विचारलं.

सगळे छताकडे बघू लागले. हिराइदे आडून बोललेलं समजणारे नसले, तरी तीस वर्षं बँकेत लोकांचे चेहरे वाचलेला माणूस होता. त्यांनी तोकुजींकडे पाहिलं, निळ्या कोटाकडे पाहिलं, आणि त्यांचा रंग उडाला.

“‘नुकुइ ते’? ते शिगेमात्सु-सानांचं होतं? अरे देवा!” आणि ते गुडघे टेकून चटईला कपाळ लावून बसले. “माफ करा! मी मूर्ख आहे! आत्ताच्या आत्ता तुम्ही म्हणा!”

“छे छे, भलतंच! तुम्ही इतकं सुंदर म्हटलंत.” तोकुजीही खाली वाकले.

“तुम्ही म्हटल्याशिवाय मी डोकं वर काढणार नाही.”

“तुम्ही डोकं वर काढल्याशिवाय मी बोलणारसुद्धा नाही.”

आपलं गाणं यांना ठाऊक कसं, हा प्रश्न खरं तर तोकुजींना तिथंच पडायला हवा होता. पण वाकण्याच्या गडबडीत तो सुचला नाही. एक वाकला की दुसऱ्याला अजून खाली वाकावं लागे. गोंदो मधे पडला, तर त्यालाही दोघांपेक्षा खाली जावं लागलं. चहा आला. चहा आधी कोणी घ्यायचा यावर पुन्हा तेच. कोणी म्हणालं, हिराइदे-सानांनी बाहेर जाऊन उभं राहावं म्हणजे अपमान होणार नाही. त्यावर त्यांना बाहेर पाठवणं हाच अपमान, असं ठरलं. या सगळ्यात तासभर गेला. किनुए भिंतीला टेकून, चष्म्याचं घर मांडीवर ठेवून शांतपणे बघत होती.

चार वाजले. सभागृहाचा रखवालदार आत आला आणि एक शब्द न बोलता त्यानं मशीनची पिन उपटली. त्याच्यामागे व्यायामाच्या वर्गाच्या वीसेक बायका गुंडाळलेल्या चटया घेऊन उभ्या होत्या. “चला, चला, आमची वेळ झाली.” मंडळी लोटली गेली ती थेट दारातल्या चपलांच्या फडताळापाशी.

तोकुजींनी एक बूट चढवला. एक्केचाळीस अधिक पावणेचार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

“एक मिनिट,” ओत्सुबोबाई म्हणाल्या. बूट चढवायची लांब पट्टी त्यांनी हातात छडीसारखी धरली होती. “चार वाजले. मंडळ संपलं. मंडळ संपलं म्हणजे मंडळाचे नियम संपले, पाहुणे संपले, सगळं संपलं. इथं चपलांपाशी उभं राहून कोणी काय म्हणावं, हे सांगणारी मी कोण?” आणि पट्टीचं टोक त्यांनी तोकुजींकडे रोखलं.

तोकुजी एका बुटावर उभे होते. समोर धुरकट रंगांचे डाग दिसत होते. निळा डाग किनुएचा.

“चष्मा दे,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

किनुएनं चष्म्याचं घर उघडलं. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, भोवतालच्या माणसांकडे पाहिलं, दारात खोळंबलेल्या वीस बायकांकडे पाहिलं, आणि घर पटकन मिटून पर्समध्ये टाकलं.

“नको. त्या दिवशी तुम्हाला सगळे दिसत होते.”

आणि तोकुजी गायले. ना साथ, ना माइक, ना पडदा. पहिलं कडवं निघालं ते थोडं कापरं, पण सुरात. निळ्या डागाकडे बघत त्यांनी ते पार नेलं. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ झाली आणि घसा बंद पडला. ओळ पाठ होती, तोंडात होती, पण बाहेर येईना. एक सेकंद, दोन, तीन. तेच लग्न, तोच खांब. त्यांचे कान लाल झाले.

तेव्हा ओत्सुबोबाईंचा खरखरीत आवाज उठला. मग गोंदोचा. मग सगळ्या आठांचा, एका दमात, एका सुरात:

“धक्क्यावरचा दिवा अजून जळतो आहे...”

हिराइदेंनी ‘विझला’ म्हणायला तोंड उघडलं होतं. ते गोंधळून सगळ्यांकडे बघू लागले आणि तोंड मिटलं.

तोकुजींना आता कळलं. ही ओळ कुठल्याही पुस्तकात नव्हती. कुठल्याही मशीनमध्ये नव्हती. दिवा जळता ठेवणारी ही ओळ जगात एकाच ठिकाणी म्हटली जात होती, आणि त्या न्हाणीघराची खिडकी गल्लीत उघडते. बावीस महिने मासे घ्यायला, कचरा टाकायला, पत्र टाकायला जो तो त्याच गल्लीतून जात होता. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायची ही वेळ होती. पण तेवढ्यासाठी थांबलं असतं तर गाणं पुन्हा राहिलं असतं. ते पुढे गायले, शेवटपर्यंत.

व्यायामाच्या बायकांनी चटया खाली टाकून टाळ्या वाजवल्या. हिराइदे उघड उघड डोळे पुसत होते.

“गुण किती देऊ या?” गोंदोनं नाक शिंकरत विचारलं.

सगळे किनुएकडे बघू लागले. तिनं विचार केला.

“न्हाणीघरात जरा बरं होतं,” ती म्हणाली.

दोघं घरी निघाली. मग तोकुजी म्हणाले, “म्हणजे तुलाही ठाऊक होतं.”

“भिंत पातळ आहे आपली.”

“आणि गेल्या महिन्यात कोणीच ते गाणं घेतलं नाही, ते कसं?”

“आठही घरी सुकवलेल्या माकुलांची एकेक पुडी देऊन आले होते. म्हटलं, एवढं एक सोडा. आता ओसाकाहून कोणी येईल हे मला काय माहीत? नाहीतर नववी पुडी बांधली असती.” ती थोडं पुढे जाऊन थांबली. “पण काय हो, त्यात दिवा विझतो म्हणे. ओत्सुबो-सान म्हणत होत्या.”

“विझतो.”

“तुम्ही चुकता होय इतके दिवस?”

“चुकत नाही.” तोकुजी समोरच्या धूसर रस्त्याकडे बघत राहिले. “तू म्हणाली होतीस, नंतर कधीतरी म्हणा. म्हणजे तू थांबलेली होतीस. बाई थांबलेली असताना दिवा कसा विझवू?”

किनुए पुन्हा चालू लागली. मग तिनं हातमोजा काढला आणि नवऱ्याचा हात धरला.

“थंडगार आहे की हो. गाण्यात तर उबदार म्हणतात.”

“गाण्यात काय, काहीही म्हणतात.”

त्यानंतर आठवडाभर न्हाणीघरातून आवाज आला नाही. काम झालं होतं, शिवाय सगळं गाव ऐकतं हे कळल्यावर कोण गाईल? तोकुजी खिडकी घट्ट लावून मुकाट्यानं टबात बसत. नवव्या दिवशी संध्याकाळी गोंदो मागच्या दारी आला. हातात माकुलांची पुडी होती, आणि वरची गाठ किनुएच्या हातची होती. तीच पुडी, न उघडलेली.

“वहिनी, ही परत घ्या, पण तोकुजी-सानांना म्हणावं खिडकी उघडा. आमचे बाबा नऊ दिवस झाले वेळेवर गोळी घेत नाहीत. दोन वर्षं दुसऱ्या कडव्याला घ्यायचे. आता म्हणतात, गाणं नाही तर गोळी नाही. ब्लडप्रेशर कुठं गेलंय बघा त्यांचं.”

किनुएनं न्हाणीघराच्या दारावर टकटक केलं आणि निरोप दिला. आत पाणी डुचमळलं. मग खिडकी कुरकुरली. किनुए स्टूल ओढून दाराला पाठ लावून बसली, दोन वर्षांत पहिल्यांदाच उघडपणे.

तोकुजींनी घसा साफ केला, पहिलं कडवं संपवलं आणि दुसऱ्यासाठी श्वास घेतला, तोच गल्लीपलीकडून एक म्हातारा आवाज ओरडला:

“थांबा हो, थांबा! पाणी घेऊ द्या!”

तोकुजी थांबले. गल्लीपलीकडे पेला ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी दुसऱ्या कडव्यातला दिवा लावला.